दोन स्टेशनांमधला गोळा

संतराम : न्हाई मास्तर, खुर्ची नको. मी आपला सतरंजीवर बसतो.

राधाकृष्ण : चौकशी करणारा अधिकारी खाली बसत नाही, संतराम. वर बसा.

संतराम : अहो, पण कसली चौकशी? मी शिरड शहापूरहून येष्टीनं आलो ते मालडब्याचं चाक बसवायला. पायसुदिक धुतले न्हाईत अजून.

नीलांबरी : काका, बसा ना. तुम्ही बसल्याशिवाय सुरूच होणार नाही. आणि आजच व्हायला पाहिजे. उद्या सकाळी नांदेडहून शौनकदादा येतोय.

संतराम : येऊ दे की. त्याचं काय?

नीलांबरी : आबा माझं स्टेशन त्याला देणार आहेत.

संतराम : काहून?

राधाकृष्ण : ते चौकशीत येईलच.

नीलांबरी : मी सांगते. सकाळी अपघात झाला. आबांची पॅसेंजर आणि माझं डिझेल भिंतीच्या भोकात समोरासमोर धडकले. आबांचं वाफेचं इंजिन फळीवरून खाली पडलं. आबा म्हणतात, मी गोळा नसताना गाडी सोडली आणि वर खोटं बोलले.

संतराम : वाफेचं? जे तुमी दोन वरसं कानस घेऊन घासत बसला होता, ते?

राधाकृष्ण : तेच. धुराडं तुटलं. पुढची चाकं वाकली.

संतराम : आरारा.

नीलांबरी : मला पण वाईट वाटलं. पण मी म्हटलं, चौकशी झाल्याशिवाय कुणाला कामावरून काढता येत नाही. आबांनीच शिकवलंय मला.

राधाकृष्ण : शिकवलंय. म्हणून तर खुर्ची मांडली.

संतराम : आन अधिकारी मीच काहून? सुनीतीताई हाईत ना खाली.

राधाकृष्ण : नीलाच्या आजीनं सकाळीच निकाल देऊन टाकला. पोरीला स्टेशन परत द्या, नाहीतर दुपारचा चहा मिळणार नाही. असा अधिकारी चालत नाही.

संतराम : चहा मिळाला?

राधाकृष्ण : नाही.

संतराम : मास्तर, मी रुळाचे सांधे फिरवणारा पॉइंट्समन होतो. चौकशीत मी सदा हुभा. चार डाव हुभा राहिलो. खुर्चीतला माणूस इचारायचा, तू असं काहून केलंस? त्याच्या आधी तुला कुणी काय सांगितलं, काय न्हाई सांगितलं, ते कुणी इचारलं न्हाई.

नीलांबरी : मग तुम्ही विचारा.

संतराम : ...बरं. सरकवा ती खुर्ची. लिहिणार कोण?

राधाकृष्ण : मी लिहितो. वही आणलीच आहे.

नीलांबरी : तुम्ही कसे? तुमचा पण जबाब आहे.

राधाकृष्ण : तुझाही आहे.

संतराम : माझं अक्षर मला सोताला लागत न्हाई. नीलाबाई लिहील, मास्तर वाचतील, पटलं तर सही करतील. दोघांनी सही केल्याबिगर पान उलटायचं न्हाई. चालंल?

राधाकृष्ण : चालेल.

संतराम : नाव?

नीलांबरी : काका!

राधाकृष्ण : विचारावंच लागतं.

नीलांबरी : नीलांबरी विजयकुमार. वय बारा, इयत्ता सातवी. स्टेशन मास्तर, पिंपळखुटा.

राधाकृष्ण : सध्या कामावरून कमी.

संतराम : ते मी ठरवीन. मधी बोलू नका मास्तर. नीलाबाई, जागा सांगा. मला ठाऊक हाय, पण कागदाला ठाऊक न्हाई.

नीलांबरी : वसमत. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. समोरच्या खोलीत आबांचं स्टेशन, मोरवड. मागच्या खोलीत माझं, पिंपळखुटा. मधे भिंत आहे. भिंतीला ताटाएवढं भोक पाडलंय...

राधाकृष्ण : ताटाएवढं नाही, ताटलीएवढं. जबाबात माप बरोबर पाहिजे.

नीलांबरी : ताटलीएवढं. त्यातून एकच रूळ जातो. या खोलीतल्या माणसाला त्या खोलीतलं काही दिसत नाही.

संतराम : तसं काहून ठेवलं? एका खोलीत मावलं असतं की.

नीलांबरी : आबा म्हणाले, खऱ्या स्टेशनावरून पुढचं स्टेशन दिसतं का? दिसलं तर मग नियम कशाला लागतील, नुसतं बघून गाड्या सोडता येतील. ती खेळण्यातली आगगाडी झाली. आपली खेळण्यातली नाही. आपली लहान आहे. सत्त्याऐंशी पटीनं लहान. अकोला-पूर्णा लाइन मीटरगेज होती, तेव्हाची. मीटरचे होतात साडेअकरा मिलिमीटर. बाजारात बारा मिळाले.

संतराम : आन नावं? मोरवड, पिंपळखुटा आपल्या लाइनीवर कुठं हाईत?

राधाकृष्ण : बोलू का?

संतराम : बोला.

राधाकृष्ण : नावं मुद्दाम खोटी ठेवली. खरं नाव दिलं की कुणीतरी जिना चढून येतो आणि म्हणतो, मास्तर, तिथं लिंब नव्हता, बाभूळ होती. आम्ही झाड म्हणून पऱ्हाटीची एक काडी लावायला दोन दिवस घालवतो, आणि हे उभ्या उभ्या झाड बदलून जातात.

संतराम : पण तिथं बाभूळच होती मास्तर. पाण्याच्या टाकीपाशी.

राधाकृष्ण : बघा. म्हणून खोटी नावं.

संतराम : बरं. नियम सांगा नीलाबाई. गोळा म्हंजी काय, गोळा कुणाचा, समदं.

नीलांबरी : दोन स्टेशनांत एकच रूळ, म्हणून एकच गोळा. आपला गोळा म्हणजे लोखंडी छर्रा, हरभऱ्याएवढा. प्रत्येक स्टेशनात एक वाटी आहे. ज्या वाटीत गोळा, त्याच स्टेशनातून गाडी सुटते. गोळा गाडीबरोबर जातो, शेवटच्या गार्डाच्या डब्यात. गाडी पोचली की तिकडचा मास्तर गोळा काढून आपल्या वाटीत ठेवतो. मग तिकडून गाडी सुटू शकते. गोळा नाही तर गाडी नाही.

संतराम : खरा गोळा केवढा होता, म्हाईत हाय?

नीलांबरी : केवढा?

संतराम : चांगला पेरूएवढा. चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला अडकवायचा. मी फलाटाच्या टोकाला कडं वर धरून हुभा. गाडी थांबायची न्हाई. डायवर इंजिनातनं हात बाहेर काढून त्यात घालायचा, आन हिसका बसायचा तो हितं खांद्यात. पावसाळ्यात अजून दुखतं.

राधाकृष्ण : अधिकाऱ्यानं मधे आपली कहाणी सांगायची नसते.

संतराम : व्हय. चुकलं. नीलाबाई, सकाळी काय झालं ते सांगा. घाई न्हाई.

नीलांबरी : शाळेला सुट्टी असली की साडेनऊला आबांकडून पॅसेंजर सुटते. ते आपल्या वेळापत्रकात आहे. मी नऊ वाजून वीस मिनिटांनी माझ्या खोलीत गेले. वाटीत बघितलं तर गोळा होता.

संतराम : तुमच्या वाटीत?

नीलांबरी : माझ्या. मला वाटलं, गोळा इकडे आहे तर आबा पॅसेंजर कशी सोडणार? गाडीला उशीर होईल. म्हणून मी डिझेलला गार्डाचा डबा जोडला, त्यात गोळा ठेवला आणि गोळा आबांकडे पाठवायला निघाले. म्हणजे डिझेल निघालं. त्याच्या आधी मी घंटी दिली.

संतराम : घंटी कशी वाजती?

नीलांबरी : दाराच्या बेलचं बटण आहे, दोन्ही खोल्यांत एकेक. कुणीही दाबलं तरी दोन्हीकडे वाजते. एकदा वाजली की समजायचं, गाडी सुटली.

संतराम : तुमी दाबली तवा किती वाजली?

नीलांबरी : जरा लांब वाजली. मला वाटलं बोट जास्त वेळ राहिलं. मग भोकातून आवाज आला. धाड असा नाही, टिनचा डबा पडल्यासारखा.

संतराम : मग?

नीलांबरी : मग आबा ओरडले. मी म्हटलं, माझ्याकडे गोळा होता. आबा म्हणाले, गोळा माझ्याकडे होता, खोटं बोलू नकोस.

संतराम : लिहिलं?

नीलांबरी : लिहिलं.

संतराम : मास्तर, वाचा. सही करा.

राधाकृष्ण : वाचलं. सही करतो, पण मान्य आहे म्हणून नाही. तिनं सांगितलं तसंच लिहिलंय, एवढ्यापुरती.

संतराम : तेवढीच पाहिजे. आता तुमचा. नाव?

राधाकृष्ण : राधाकृष्ण. वय बहात्तर. निवृत्त स्टेशन मास्तर, छत्तीस वर्षं नोकरी. हल्ली मोरवड.

नीलांबरी : आबा, सावकाश. माझा हात एवढा चालत नाही.

राधाकृष्ण : साडेनऊला दोन मिनिटं कमी. गोळा माझ्या वाटीत होता. तो मी माझ्या हातानं उचलून पॅसेंजरच्या गार्डाच्या डब्यात ठेवला. सिग्नल पाडला. घंटी दिली. गाडी सोडली. इंजिन भोकात शिरलं आणि आदळलं. संपलं.

संतराम : घंटी लांब वाजली का?

राधाकृष्ण : ...असेल. लक्ष दिलं नाही.

संतराम : दोघांनी संगंच दाबली. दोघांस्नी वाटलं, आपलीच वाजून राहिली.

राधाकृष्ण : असू शकतं. पण ते दुय्यम आहे. मुद्दा गोळ्याचा आहे. एक सेक्शन, एक गोळा. तो माझ्याकडे होता म्हणजे तिच्याकडे नव्हता. हे गणित आहे, संतराम. यात मतभेदाला जागा नाही. मला इंजिनाचं एवढं नाही. इंजिन पुन्हा करीन. पण गोळा नसताना गाडी सोडायची आणि नंतर होता म्हणून सांगायचं, अशा मास्तरला मी स्टेशन देऊ शकत नाही. शौनक निदान खरं तरी बोलतो.

नीलांबरी : शौनकदादा मागच्या वेळी तुमची गोंदाची बाटली सांडून मांजरीचं नाव सांगून गेला होता.

राधाकृष्ण : काय?

संतराम : त्याची चौकशी येगळी करू. मास्तर, पडझड झाल्यावर गोळा कुठं गावला?

राधाकृष्ण : या दारापाशी, जमिनीवर. एकच. हा बघा, माझ्या खिशात आहे.

संतराम : आन दुसरा हुडकला का?

राधाकृष्ण : जी वस्तू नाही ती हुडकायची कशी?

संतराम : आमचे सायेब बी असंच म्हणायचे. द्या तो हिकडं. हंऽ. चकचकीत हाय. आरशासारखा. नीलाबाई, तुमच्या वाटीतला बी असाच होता?

नीलांबरी : नाही. तो पिवळट होता.

संतराम : पिवळट?

नीलांबरी : हळदीसारखा. मला वाटलं, गंज चढायला लागला असेल.

राधाकृष्ण : गंज पिवळा नसतो, तांबूस असतो.

संतराम : थांबा मास्तर. नीलाबाई, नीट आठवून सांगा. बोटाला रंग लागला का?

नीलांबरी : लागला. मी फ्रॉकला पुसला. हा बघा, इथं.

राधाकृष्ण : बघू? ...ही हळद आहे.

संतराम : तुमच्याकडं ते चुंबक हाय ना? पडलेल्या टाचण्या उचलायचं?

नीलांबरी : जुन्या स्पीकरचं. आहे. दोरी बांधलेलं.

संतराम : त्या भोकाच्या खाली, ट्रंकेच्या मागं फिरवा.

राधाकृष्ण : संतराम, तुम्हाला काही माहीत आहे का?

संतराम : आधी पुरावा येऊ द्या. मग बोलतो.

(नीलांबरी जमिनीवर पालथी पडून चुंबक ट्रंकेमागे सोडते.)

नीलांबरी : लागलं काहीतरी! ...नाही, टाचणी आहे. अजून एक टाचणी. आबा, तुम्ही म्हणता टाचण्या संपल्या, सगळ्या इथेच आहेत.

संतराम : भिंतीच्या कडंनं न्या. हळू.

नीलांबरी : थांबा, थांबा. टक्क वाजलं. जड आहे. येतोय... आला! काका, आला! हा बघा. आबा, हाच.

राधाकृष्ण : दाखव.

नीलांबरी : आता म्हणा ना, नाही म्हणून.

संतराम : असं बोलू नये लेकरा. चौकशी चालू हाय.

राधाकृष्ण : छर्राच आहे. तेवढ्याच मापाचा. दोन. एका सेक्शनात दोन गोळे. मी छत्तीस वर्षांत...

संतराम : नीलाबाई, नवीन पान काढा. आता माझा जबाब लिहा.

नीलांबरी : तुमचा? तुम्ही अधिकारी आहात.

संतराम : लिहा तर. संतराम. वय एकोणसत्तर. माजी पॉइंट्समन. आता शेती, आन बुधवारी शनवारी हितं येऊन मास्तरांच्या हाताखाली खडी चाळणे.

राधाकृष्ण : हाताखाली कशाला म्हणता?

संतराम : मग काय लिहू, चहाची गाळणी घेऊन आसना नदीची रेती कोण चाळतं? असू द्या. तर ह्याच बुधवारी दुपारी मी आलो. नीलाबाई शाळंत होत्या. मास्तर झोपले होते. हळदीची मालगाडी पिंपळखुट्याला हुभी होती, तिच्या एका डब्याचं चाक हललं होतं. चाक बघायचं तर डबा उलटा करावा लागतो, म्हणून आतला हळकुंडाचा चुरा कागदावर ओतला. चुऱ्यात गोळा निघाला.

नीलांबरी : म्हणजे रविवारी हरवला तो!

संतराम : तोच. रविवारी गार्डाच्या डब्याचं छप्पर गोंद लावून वाळत ठेवलं होतं, व्हय ना? मी नव्हतो, पण आदल्या शनवारी तुमीच सांगितलं होतं, उद्या लावणार म्हणून.

नीलांबरी : हो. म्हणून आबांनी गोळा हळदीच्या उघड्या डब्यात ठेवला. गाडी माझ्याकडे आली तर गोळा नाही. दोन्ही खोल्या शोधल्या. हळदीत बोट घालून पण बघितलं होतं.

संतराम : तळाशी गेला व्हता, सांध्यात अडकून. मी काढला. मग इचार केला, ठेवायचा कुठं? मालगाडी पिंपळखुट्याला पोचलेली. गाडी जिथं पोचली, गोळा त्याच स्टेशनाचा. म्हणून पिंपळखुट्याच्या वाटीत ठेवला. नियमानं ठेवला.

राधाकृष्ण : नियमानं बरोबर ठेवला.

नीलांबरी : पण मग सांगितलं का नाही कुणाला?

संतराम : पॉइंट्समननं काम बराबर केलं तर कुणाला सांगायचं असतं का? चुकलं की बोलावून घेतात. चाक काही माझ्याच्यानं बसलं न्हाई, पाच वाजताची गाडी होती, मी चिमटा खिशात घातला आन गेलो. माझ्या डोक्यात एकच की लाइनीवर गोळा एकच हाय, तो जागंवर पोचला, झालं.

राधाकृष्ण : हं.

संतराम : आता मास्तर, तुमचा जबाब अर्धा राहिला.

राधाकृष्ण : काय राहिलं?

संतराम : जुना गोळा रविवारपासून हळदीत. मग हा चकचकीत गोळा तुमच्या वाटीत कुठून आला?

राधाकृष्ण : सांगतो.

संतराम : तकलीफ व्हत असंल तर पाणी घ्या.

राधाकृष्ण : नको. लिही, नीला. सोमवारी सकाळी मी नेमसिंगच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्याच मापाचा छर्रा त्याच्याकडून आणला. माझ्या वाटीत ठेवला.

नीलांबरी : नवीन?

राधाकृष्ण : नवीन.

नीलांबरी : मी तुम्हाला सोमवारी शाळेतून आल्यावर विचारलं होतं. गोळा सापडला का?

राधाकृष्ण : विचारलं होतंस.

नीलांबरी : तुम्ही म्हणालात, व्यवस्था झाली.

राधाकृष्ण : हो.

नीलांबरी : मला वाटलं, सापडला. बुधवारी परवचा म्हणून झाल्यावर मी वर गेले तर माझ्या वाटीत गोळा. मला वाटलं, आबांनी हा माझ्याकडे ठेवलाय.

राधाकृष्ण : तसंच वाटणार.

संतराम : मास्तर, खरा गोळा हरवला तर तुमी काय करायचे? नोकरीत असताना?

राधाकृष्ण : सेक्शन बंद. दोन्ही स्टेशनांना लेखी कळवायचं. वरिष्ठांना तार. गोळा मिळेपर्यंत किंवा वरून लेखी हुकूम येईपर्यंत गाड्या कागदावर चालवायच्या, एकेक, दोघांच्या सह्यांनी. मास्तरनं बाजारात जाऊन गोळा आणायचा, असं कुठल्याही पुस्तकात नाही.

संतराम : मग हितं काहून आणला?

राधाकृष्ण : शौनक येणार होता. लाइन बंद आहे, असं त्याला सांगावं लागलं असतं. का बंद आहे, तर आजोबांनी गोळा उघड्या डब्यात ठेवला. मुलांना मी रोज सांगतो, गोळा नेमून दिलेल्या जागी. मग म्हटलं, एक छर्रा तर आहे. कुणाला कळतंय.

नीलांबरी : मला सांगितलं असतं तर मी नसतं सांगितलं शौनकदादाला.

राधाकृष्ण : सांगायला हवं होतं. दुसऱ्या स्टेशनच्या मास्तरला तर पहिल्यांदा.

संतराम : लिहिलं?

नीलांबरी : कुणाला कळतंय, ते पण लिहू?

राधाकृष्ण : लिही. सांगितलं तसं.

संतराम : आता निकाल. नीलाबाई, लिहा. पिंपळखुट्याच्या मास्तरकडं गोळा होता. गोळा असताना गाडी सोडली. घंटी दिली. त्यांच्याकडं दोष न्हाई. त्यांचं स्टेशन त्यांच्याकडंच राहील.

नीलांबरी : 'कायम राहील' लिहू?

संतराम : कायम काय हो, दहावीला गेल्यावर तुमीच सोडून जाताल. 'राहील' बास हाय. पुढं. दोष नंबर एक, संतराम पॉइंट्समन. गोळा गावला ते कुणाला बोलला न्हाई.

राधाकृष्ण : थांब नीला. त्याच्या आधी एक ओळ मोकळी सोड. संतराम दोन नंबरला. एक नंबरला मला लिही.

संतराम : मास्तर, मी बोललो असतो तर दुसरा गोळा तिथल्या तिथं समजला असता.

राधाकृष्ण : मी बोललो असतो तर दुसरा गोळा झालाच नसता. एक नंबर. राधाकृष्ण, मोरवड. गोळा उघड्या डब्यात ठेवला. हरवल्यावर लाइन बंद केली नाही. परस्पर दुसरा आणला.

संतराम : मास्तरचं नाव एक नंबरला. आन पॉइंट्समन दोन नंबरला. असा कागद म्या बघितला न्हाई कधी. नीलाबाई, हे पान मला झेरॉक्स करून द्या.

नीलांबरी : शिक्षा काय लिहू?

संतराम : चकचकीत गोळा नेमसिंगला आजच परत. पिवळा गोळा लाइनीवर. वाफेचं इंजिन दुरुस्त व्हईस्तोवर दोषी दोघं मिळून काम करतील. रोज. मी आठवड्यातनं दोन डाव, मास्तर रोज.

राधाकृष्ण : मान्य.

नीलांबरी : आणि नियम? एक नवीन पाहिजे. घंटीवर भागत नाही. दोघांनी एकदम दाबली तर कळत नाही.

राधाकृष्ण : बरोबर बोललीस. काय करायचं, तूच सांग.

नीलांबरी : आधी तोंडानं विचारायचं, भोकातून. गाडी सोडू का? समोरच्यानं सोडा म्हटलं तरच घंटी. गोळा असला तरी.

राधाकृष्ण : हेच खऱ्या लाइनीवर असतं. लाइन क्लिअर. मी इथे सोडून दिलं होतं. म्हटलं, घरात कशाला. लिही.

संतराम : आन त्या शौनकला काय काम? एवढ्या लांबून यील, पोरगं नाराज व्हईल.

नीलांबरी : खडी चाळेल. नाहीतर माझ्याकडे पॉइंट्समन. सांगितलं तसं केलं तर.

संतराम : झालं, म्हंजी माझी जागा गेली. करा सह्या.

नीलांबरी : आबा, एक राहिलं.

राधाकृष्ण : काय?

नीलांबरी : सकाळी तुम्ही मला म्हणालात, खोटं बोलू नकोस. जबाबात आलंय ते. निकालात कुठेच नाही.

संतराम : निकालात तसा रकाना नसतो लेकरा. म्या बी वाट बघितली होती.

राधाकृष्ण : चारही वेळा?

संतराम : एकदाच. तीन डाव माझंच चुकलं होतं. एकदा न्हाई. निर्दोष म्हणून कागद आला, पण त्याच्या आधी जे चारचौघांत बोलले, ते तसंच राहिलं.

राधाकृष्ण : तेव्हा मी तिथे...

संतराम : तुमी तवा दुसऱ्या स्टेशनात होता. तुमचं न्हाई त्यात काही.

राधाकृष्ण : नीला, वही खाली ठेव. इकडे बघ. तू खरं बोलत होतीस. मी शोधायच्या आधीच ठरवून टाकलं की तू खोटं बोलतेस. माझ्या गणितात चूक असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यापेक्षा तू खोटी असशील, हे लवकर पटलं. ते वाईट केलं मी.

नीलांबरी : ...बरं.

राधाकृष्ण : बरं म्हणजे?

नीलांबरी : बरं म्हणजे बरं. आता गाडी चालवायची का? पॅसेंजरला सहा तास उशीर झालाय.

राधाकृष्ण : डिझेल माझ्याकडेच आहे, त्याला काही झालेलं नाही. तेच जोडतो. गोळा?

नीलांबरी : गोळा तुमच्याकडे राहू द्या, पहिली गाडी तुमची आहे. पुसून घ्या, नाहीतर डब्याला हळद लागेल. मी तिकडे जाते.

संतराम : मी बी येतो. तुमच्याकडची मालगाडी बाजूच्या रुळावर घेतो, पॉइंट लावून देतो. येवढं करून मग पाय धुतो.

राधाकृष्ण : मग इकडे या संतराम. सुनीती जिन्यात ऐकत उभी होती, आत्ता खाली गेली. बहुतेक चहा ठेवायला.

(संतराम नीलांबरीबरोबर मागच्या खोलीत जातो, थोड्या वेळानं एकटाच परत येतो.)

संतराम : आलो मास्तर. समदं बराबर हाय तिकडं. चला.

राधाकृष्ण : पिंपळखुटा! मोरवडहून विचारतोय. गाडी सोडू का?

नीलांबरी : थांबा. माझा पॉइंट अजून लागलेला नाही.

संतराम : पॉइंट मी आताच लावून आलो मास्तर, ह्या हातानं. रूळ मोकळा हाय. सोडा बिनघोर.

राधाकृष्ण : ती थांबा म्हणाली, संतराम. थांबू.